बांगलादेशातील जमातविषयीची बातमी कशी वाचावी

बातमीत ‘जमात’, म्हणजे ‘जमात-ए-इस्लामी’, हा शब्द आला की ती कोणत्या जमातविषयी आहे, हे सर्वप्रथम पाहावे. औरंगाबादेत १९०३ साली जन्मलेल्या अबुल आला मौदुदी यांनी १९४१ मध्ये लाहोरला ही संघटना स्थापन केली. आज भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशात तिच्या नावाने चालणाऱ्या संघटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, त्यामुळे एकीची भूमिका दुसरीच्या माथी मारू नये.

त्यानंतर निवडणुकीचे आकडे घ्यावेत, मात्र मतांची टक्केवारी आणि जागा शेजारीशेजारी मांडूनच. १९९१ मध्ये जमातला सुमारे १२ टक्के मते आणि ३०० पैकी १८ जागा मिळाल्या. बीएनपीकडे (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) १४० जागा होत्या, बहुमताला १५१ लागत होत्या, आणि जमातच्या पाठिंब्यावर बीएनपीच्या नेत्या खालिदा झिया पंतप्रधान झाल्या. जून १९९६ मध्ये स्वबळावर लढताना साडेआठ टक्क्यांहून अधिक मते पडूनही अवघ्या ३ जागा हाती आल्या. २००१ मध्ये बीएनपीच्या आघाडीत मतांचा वाटा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास उतरला, तरी जागा १७ झाल्या आणि मतिउर रहमान निजामी व अली अहसान मुजाहिद हे दोघे मंत्री झाले. केवळ टक्केवारी पाहणारा वाचक २००१ ला पक्षाची घसरण समजेल. प्रत्यक्षात पक्षाने आघाडीत वाट्याला आलेल्या मोजक्याच जागा लढवल्या होत्या. हे गणित मनात ठेवले की प्रमाणबद्ध प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, मागणी हा पक्ष का करतो, हेही उलगडते, कारण त्या पद्धतीने १९९६ च्या मतांवर तीनऐवजी पंचवीसच्या घरात जागा मिळाल्या असत्या.

मित्र आणि शत्रू यांची यादी कायमची धरून चालू नये. १९९४ ते १९९६ या काळात हाच पक्ष निवडणूक तटस्थ काळजीवाहू सरकारच्या देखरेखीखाली व्हावी या मागणीसाठी शेख हसीना यांच्या अवामी लीगच्या बरोबरीने बीएनपी सरकारविरुद्ध रस्त्यावर होता.

जागांवरून या पक्षाचे वजन पुरते कळत नाही, म्हणून संघटनेकडे अवश्य पाहावे. माझ्या मते बातम्यांत सर्वांत कमी येणारी बाजू हीच आहे. येथे कोणालाही एकदम पूर्ण सभासदत्व मिळत नाही. आधी सहयोगी, मग कर्मी आणि अखेर रुकन (पूर्ण सभासद), अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि अमीर म्हणजे पक्षप्रमुख निवडण्याचा अधिकार रुकनांनाच असतो. कार्यकर्ता रोजच्या अहवालाच्या वहीत नमाज, कुराणवाचन, इतर वाचन आणि कोणाशी संपर्क साधला याची नोंद करतो, वर ‘बैतुलमाल’मध्ये, म्हणजे पक्षाच्या निधीत, नियमित वर्गणी भरतो. बंदी किंवा नोंदणी रद्द झाल्यावरही पक्ष विखुरला नाही, यामागे ही शिस्त मोठी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ढाका विद्यापीठाच्या विद्यार्थी संसदेच्या निवडणुकीत जमातची विद्यार्थी संघटना इस्लामी छात्र शिबिर हिच्या आघाडीने मिळवलेल्या विजयाकडेही याच नजरेने पाहावे.

कायदेशीर बातम्यांत ‘नोंदणी’ आणि ‘बंदी’ या दोन शब्दांची गल्लत फार होते. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने पक्षाची नोंदणी अवैध ठरवली, म्हणजे निवडणूक लढवण्याची वाट बंद झाली. पक्षावर बंदी मात्र १ ऑगस्ट २०२४ रोजी आली आणि शेख हसीना यांचे सरकार कोसळल्यावर त्याच महिन्यात उठली. नोंदणीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मोकळा केला.

राहिले १९७१, म्हणजे बांगलादेशचे मुक्तियुद्ध. जमातने पाकिस्तान अखंड राहावे अशी भूमिका घेतली, आणि तिच्या विद्यार्थी संघटनेतून उभ्या राहिलेल्या अल-बद्र या सशस्त्र दलावर ढाक्यातील प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकारांना घरांतून उचलून नेऊन ठार केल्याचा आरोप आहे. १४ डिसेंबर हा या मारल्या गेलेल्यांचा स्मृतिदिन पाळला जातो. पुढे १९७१ च्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या निकालांनुसार निजामी आणि मुजाहिद यांच्यासह अनेक नेत्यांना फाशी झाली. त्या खटल्यांच्या निष्पक्षतेवर आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी आक्षेप घेतले, हेही वाचकाने नोंदवून ठेवावे. परंतु सदोष खटल्यामुळे मूळ हत्या पुसल्या जात नाहीत. म्हणून पक्षाच्या नेत्याने क्षमा मागितल्याचा मथळा दिसला, की मूळ निवेदन शोधून त्यात १९७१ चा उल्लेख आहे का, कोणत्या कृत्याबद्दल आणि कोणाकडे क्षमा मागितली आहे, हे शब्दन् शब्द वाचावे.