डिलिव्हरी ग्रीन करायचीय? आधी दुसरी चक्कर बंद करा

पार्सल पोचवायच्या कामात धूर कमी करायचा म्हटलं की सगळे आधी इलेक्ट्रिक गाडीचं कोटेशन मागवतात, पण माझं ऐकाल तर महिनाभर फक्त लिहून ठेवा की किती पार्सलं पहिल्याच फेरीत गेली आणि किती परत आली. कारण पोरगा चौथा मजला चढून गेला, दाराला कुलूप, फोन उचलत नाही, की उद्या परत तोच रस्ता, तोच जिना, तीच पार्किंगची शोधाशोध, आणि गाडी बॅटरीवरची असली तरी चक्कर ती चक्करच ना.

म्हणून आदल्या दिवशी मेसेज टाका, "दिवसभरात कधीही" असं नको, दोन तासांची वेळ द्या आणि घरी कोणी नसेल तर शेजारी ठेवू की पार्सल लॉकरमध्ये, म्हणजे ग्राहक स्वतः येऊन पार्सल काढून घेतो त्या कुलुपाच्या कपाटात, हे तेव्हाच विचारून घ्या. लॉकर चालत जाता येईल असाच हवा, लोक गाडी काढून पार्सल आणायला जायला लागले तर वाचवलेलं सगळं पाण्यात.

मग छोटा हब, म्हणजे शहरातच माल उतरवून पुढे वाटायची जागा. गोडाऊन गावाबाहेर असतं, तिथून प्रत्येक व्हॅन गर्दीत घुसवण्यापेक्षा मधोमध एखादी जागा बघा, पार्किंगचा कोपराही चालतो. यूपीएस या कुरिअर कंपनीने 2012 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला हेच केलं, शहरात कंटेनर उभा केला आणि तिथून पुढे कार्गो सायकल, म्हणजे माल वाहायची सायकल, नाहीतर पायी. दाटीच्या भागात कार्गो सायकल खरंच व्हॅनला भारी पडते, पार्किंग शोधायलाच लागत नाही. फ्रिज, सोफा मात्र तिच्यावर लादू नका हो, त्याला ई-व्हॅनच.

माल भरताना शेवटी द्यायचं पार्सल आधी आत, जड सगळं खाली, आणि खोक्यावर जाड मार्करने स्टॉपचा नंबर, म्हणजे रस्त्यात उभं राहून उपसाउपशी नको. फेरीवरून आलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या. टायरची हवा रोज बघा, कमी हवेत बॅटरी भराभर उतरते.

आणि रूट ठरवताना ॲपसोबत रायडरलाही विचारा. कुठलं गेट दुपारी बंद असतं, कुठली लिफ्ट बंद पडलीय, हे त्यालाच ठाऊक असतं. तो सांगेल ते पत्त्याच्या नोटमध्ये लगेच टाका, उद्या नवीन पोरगा त्या एरियात गेला तर तोही थेट दारात पोचेल.