फेअरवेतलं एकटं झाड: या चुका टाळा

गोल्फच्या मैदानावर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, हवा तिथे खणता येतो, तळं हवं तिथे करता येतं. ऐंशी-शंभर वर्षांचं डेरेदार झाड मात्र जिथे उभं आहे तिथेच असतं, होलच (पहिला फटका मारायच्या टीपासून झेंडा असलेल्या ग्रीनपर्यंतची अख्खी वाट) त्याच्या कलाने बेतावं लागतं. वाळू आणि पाणी चेंडू खाली पडायची वाट बघतात, झाड त्याला हवेतच अडवतं. म्हणून मला एकटं झाड हा गोल्फमधला सगळ्यात सुंदर अडथळा वाटतो. तो बिघडतोही सगळ्यात लवकर, कारण तो जिवंत आहे. नकाशावर झाड म्हणजे एक गोल असतो. वीस वर्षांनी तो गोल दुप्पट झालेला असतो, नाहीतर गेलेला असतो.

नव्या कोर्सच्या आराखड्यात आणि जुन्या कोर्सच्या डागडुजीत त्याच त्याच चुका होताना दिसतात. त्यातल्या काही कागदावरच टाळता येतात, काही नंतरही सुधारता येतात.

झाड प्रश्न विचारत नाही, नुसतं आडवं येतं

सगळ्यात मोठी चूक हीच. फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, बरोबर मधोमध झाड, डावीकडे तीस मीटर, उजवीकडे तीस मीटर आणि दोन्हीकडून ग्रीन सारखंच दिसतं. मग खेळाडूने बाजू निवडायची कशाच्या जोरावर? तो डोळे मिटून मारतो आणि झाडाला लागला की नशिबाला बोल लावतो.

झाडाला अर्थ येतो तो दोन बाजूंत फरक असला की. एक बाजू अरुंद, कडेला रफ म्हणजे वाढलेलं गवत, पण तिथून ग्रीन मोकळं. दुसरी ऐसपैस, पण तिथून पुढचा फटका झाडाच्या फांद्यांवरून किंवा ग्रीनपुढच्या बंकरवरून न्यावा लागतो. आता टीवर उभं राहिल्यावर विचार करावा लागतो. वारा कुठला, झेंडा ग्रीनच्या कुठल्या अंगाला, आज आपला हात कसा बसलाय, हे सगळं त्या एका झाडाशी जोडलं जातं. स्पेनमधल्या वाल्डेरामाच्या दुसऱ्या होलवर फेअरवेत बुचाच्या ओकचं झाड उभं आहे आणि त्या होलचं नावच ‘एल आर्बोल’, म्हणजे ‘झाड’.

तपासायची सोपी रीत सांगतो. बऱ्यापैकी खेळणाऱ्या चार जणांना वेगवेगळ्या दिवशी विचारा, आज कुठल्या बाजूने मारणार? झेंड्याची जागा बदलली, वारा फिरला, तरी चौघांचं उत्तर तेच येत असेल तर झाड होल घडवत नाहीये. अशा वेळी झाडाला हात लावू नका. फेअरवेची कड सरकवा. गवत कापायची रेघ आठ-दहा मीटर इकडेतिकडे केली की बंद पडलेलं झाड पुन्हा बोलायला लागतं, आणि त्याला खर्चही फार येत नाही.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे आराखड्यातलं भोक झाडाने बुजवायला जाणं. 1979 ची यू. एस. ओपन स्पर्धा अमेरिकेत ओहायोतल्या टोलीडो इथे इन्व्हर्नेस क्लबवर होती. पहिल्या दिवशी लॉन हिंकलने आठव्या होलवर सरळ वाट सोडून शेजारच्या सतराव्या होलच्या फेअरवेवर चेंडू मारला आणि अंतर वाचवलं. दुसऱ्या दिवशीचा खेळ सुरू व्हायच्या आत आयोजकांनी तिथे एक स्प्रूस आणून लावलं. ते ‘हिंकल ट्री’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पण हिंकल दुसऱ्या दिवशीही त्याच वाटेने गेला. आडवाट बंद करायची तर ती आराखड्यात, टीची जागा आणि दिशा ठरवतानाच बंद करावी लागते. रातोरात लावलेल्या झाडाच्या आवाक्यातलं ते काम नाही.

अडथळा झाडात नसतो, झाडामागच्या जमिनीत असतो

नकाशावर झाडाचा घेर मोजतात आणि थांबतात. मोजायला हवी ती झाडाची आड, म्हणजे झाडामागे उभ्या असलेल्या खेळाडूला ग्रीनचा जेवढा भाग झाकलेला दिसतो ती.

उदाहरणच घ्या. झाडाची छत्री 12 मीटर रुंद आहे आणि ग्रीन झाडापासून 120 मीटर पुढे आहे. चेंडू झाडामागे 100 मीटरवर असेल, तर ग्रीनच्या जागी साधारण 26 मीटरचा पट्टा झाकला जातो. म्हणजे बरंचसं ग्रीन आड गेलं, तरी चेंडू थोडा वळवला की वाट निघते. तोच चेंडू झाडामागे 20 मीटरवर पडला तर आड होते 84 मीटरची. ग्रीन गायब, फक्त बाजूला मारून बाहेर पडायचं. झाड तेच, छत्री तीच, शिक्षा तिपटीहून जास्त.

आता उंची. झाड 18 मीटर उंच धरा. 60 मीटर मागून त्याच्या शेंड्यावरून जायला चेंडू साधारण 17 अंशांत उठायला हवा, आणि आठ-नऊ नंबरच्या आयर्नने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) चांगल्या खेळाडूला ते जमतं. 20 मीटर मागून कोन होतो 42 अंश. तिथे शेंड्यावरूनही जायचं आणि ग्रीनही गाठायचं, हे जवळजवळ कुणालाच साधत नाही.

म्हणून झाडाच्या लगेच मागे बहुतेकांचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला लांब फटका, पडत असेल, तर ते झाड चुकीच्या अंतरावर आहे. चांगल्या फटक्यालाही तिथे शिक्षा होते. झाड हलवता येत नाही, टी मात्र हलवता येते. टी दहा-पंधरा मीटर मागेपुढे किंवा थोडी कडेला घेतली की चेंडू पडायची जागा बदलते. मात्र हे करताना सगळ्या टी तपासायला हव्यात. मागच्या टीवरून जोरात मारणारा झाडावरून सहज जातो आणि त्याला झाड असल्याचंही जाणवत नाही. पुढच्या टीवरून खेळणारा वयस्क सभासद चेंडू बेताचाच उंच उडवतो, त्याला तेच झाड भिंत होतं. जो कमी मारतो त्याला झाड जास्त छळतं, असा उलटा न्याय होऊ नये. पुढच्या टीवरून झाडाला वळसा घालून जाणारी जमिनीलगतची एक वाट मोकळी ठेवायलाच हवी.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या सतराव्या होलवरचा आयझेनहॉवर पाइन याच खटक्यामुळे गाजला. लॉब्लॉली जातीचा, साधारण 65 फूट उंच, तिथल्या मास्टर्स स्पर्धेच्या टीपासून सुमारे 210 यार्डांवर, फेअरवेच्या डाव्या अंगाला. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथले सभासद होते आणि त्यांचा चेंडू वारंवार त्या झाडावर आदळायचा. 1956 मध्ये क्लबच्या बैठकीत त्यांनी झाड तोडायचा प्रस्ताव मांडला. अध्यक्षस्थानी असलेल्या क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी तो चर्चेलाच घेतला नाही. झाड आणखी 58 वर्षं उभं राहिलं.

झाड आणि बंकर दोन्ही

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा हा प्रकार. बंकरमध्ये पडल्याची शिक्षा बंकर देतोच. त्याच बंकरपुढे झाड असलं तर वाळूतून चेंडू उचलून काढायची वाटही बंद होते. कसलेल्या खेळाडूला कौशल्य दाखवायची जागा उरत नाही आणि नवख्याला आशा उरत नाही. दोघांपैकी एक ठेवा. झाड चांगलं असेल तर बंकर बुजवा, कारण बंकर पुन्हा खणता येतो.

फांद्या आणि बुंध्याभोवतालची जागा

सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवरचं पाचवं होल मला या बाबतीत फार शिकवून गेलं. 1998 च्या यू. एस. ओपनच्या शेवटच्या दिवशी ली जॅन्झनचा चेंडू तिथल्या सायप्रसमध्ये अडकला. दुसरा चेंडू मारायला तो टीकडे परत निघाला आणि तेवढ्यात चेंडू आपणहून खाली पडला. त्याने ग्रीनच्या बाहेरून चिप (छोटा उचललेला फटका) करून पार, म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, वाचवला आणि स्पर्धा एका फटक्याने जिंकली. 2012 मध्ये, पुन्हा शेवटच्या दिवशी, त्याच होलवर ली वेस्टवूडचा चेंडू सायप्रसमध्ये गेला आणि दुर्बिणीने शोधूनही सापडला नाही. त्याच्या नावावर डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त, लागली. दोघांच्या फटक्यांत फारसा फरक नव्हता, फरक झाडाने केला.

हा नशिबाचा खेळ पूर्ण टाळता येत नाही, कमी मात्र करता येतो. दाट, खालपर्यंत गच्च भरलेलं, आडव्या फांद्यांचं झाड चेंडू गिळतं. विरळ छत्रीचं, बुंधा उंचावर मोकळा असलेलं झाड चेंडू अडवतं आणि खाली टाकतं. खालच्या फांद्या माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच वर घेतल्या की त्यांच्या खालून बुटका, पळता फटका मारून सुटायची वाट मिळते. तो फटका बसला की जो आनंद होतो, त्यासाठीच ही झाडं ठेवायची. पण ही छाटणी एकदम करू नका. दोन-तीन वर्षांत थोडी थोडी करा आणि शेंडा कधीही छाटू नका. शेंडा उडवलेल्या झाडाला त्या जागी कमकुवत फुटवे येतात, आत कूज शिरते आणि वादळात तेच आधी मोडतं.

खाली वाका आणि बुंध्याजवळची जमीन हाताने चाचपून बघा. मुळं वर आलीत का? गवताच्या काड्यांमध्ये बोटभर जाडीचं मूळ लपलेलं असतं. त्यावर खेळायची काठी आदळली की मनगट जातं. 2011 च्या मास्टर्समध्ये त्याच आयझेनहॉवर पाइनखालच्या सुयांच्या थरावरून फटका मारताना टायगर वूड्सच्या डाव्या पायाला इजा झाली होती. फेअरवेतल्या किंवा लगतच्या मुळांवरून चेंडू उचलून ठेवता यावा यासाठी गोल्फच्या नियमांत स्थानिक नियमाची सोय आहे, ती वापरा. वर आलेली मुळं तासून काढणं हा उपाय नव्हे. तिथे गवताचा हट्ट सोडून सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला. त्याने गवत कापायचं यंत्रही बुंध्यापासून लांब राहतं. यंत्राची आणि नायलॉनच्या दोरीची साल सोलणारी जखम दर आठवड्याला त्याच जागी होते आणि मोठमोठी झाडं तेवढ्याने मरतात.

कोर्स होतो, झाड जातं

एका झाडासाठी अख्खं होल आखतात आणि बांधकामात त्याच झाडाचा जीव घेतात. याचं मला मनापासून दुःख होतं, कारण हे नुकसान लगेच दिसत नाही. झाड तीन, पाच, कधी सात वर्षांनी वाळतं आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो.

झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि छत्रीच्या घेराबाहेरही पसरतात. खोडाची छातीच्या उंचीवर जाडी मोजा. दर इंचाला एक फूट त्रिज्या धरा. 30 इंच जाडीच्या झाडाला 30 फुटांचं वर्तुळ झालं. हे किमान. त्यात यंत्र नको, मातीचा ढीग नको, पाण्याच्या पाइपचा चर नको. मजबूत कुंपण घाला, नुसती फीत बांधून भागत नाही. फेअरवेला उठाव द्यायला बुंध्याशी वीतभर भर घातली तरी मुळं गुदमरतात. जमीन उतरवली तर ती तुटतात. पातळी बदलायचीच असेल तर वर्तुळाबाहेर बदला.

नंतर पाण्याची चूक. फेअरवेच्या फवाऱ्यांचं रोजचं पाणी कोरड्या जमिनीत वाढलेल्या जुन्या ओकला सोसत नाही, त्याच्या मुळांना बुरशी लागते. झाडाच्या बाजूचे फवारे अर्ध्या फेऱ्यात फिरवा. आणि मोकळ्यावरचं उंच झाड विजेला जवळचं असतं, तेव्हा होल ज्याच्यावर अवलंबून आहे अशा झाडाला वीजवाहक तार बसवून घ्या.

ग्रीनशेजारी झाड असेल तर आणखी एक बघा. सकाळचं ऊन कुणाचं अडतंय? ग्रीनच्या पूर्वेचं आणि आग्नेयेचं झाड गवताला फार महागात पडतं. दव वाळत नाही, बुरशी पसरते. तक्रार गवताच्या माळ्याकडे जाते, पण खरं कारण तीस फूट वर असतं.

सोबत आणि वारस

एकटं झाड सुंदर दिसतं म्हणून कुणीतरी शेजारी दोन लावतं, मग चार. काही वर्षांत रांग होते आणि मूळ झाड तिच्यात हरवतं. पेनसिल्व्हेनियातल्या ओकमॉंटवर 1960 च्या दशकात हजारो झाडं लावली गेली. 1990 च्या दशकापासून ती काढायला सुरुवात झाली आणि मूळचं उघडं, वाऱ्याचं मैदान परत दिसू लागलं. तुमचं जुनं झाड घुसमटलेलं असेल, तर आधी त्याच्या शेजारची गर्दी काढा.

वारसाची सोय झाड धडधाकट असताना करा, मेल्यावर रोप लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. आयझेनहॉवर पाइन 2014 च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात मोडला आणि काढावा लागला. क्लबने त्याची कलमं आणि एक रोप जपलं, पण सतराव्या होलवर त्या जागी झाड उभं राहिलं नाही.

तुमचं झाड पडलं तर दुसऱ्याच दिवशी नर्सरीत जाऊ नका. एक हंगाम तसंच खेळा. दर आठवड्याला फेअरवेतल्या डिव्हटच्या, म्हणजे फटक्याने उखडलेल्या गवताच्या, खुणा मोजून नकाशावर टाका. खुणा एकाच पट्ट्यात गोळा झाल्या तर झाडाची जागा खरंच रिकामी झाली आहे. तिथे बंकर, उंचवटा किंवा नवं रोप यांपैकी काहीतरी हवं. खुणा दोन्ही अंगांना विखुरल्या असतील, तर जमिनीचा उतार आणि ग्रीनचा कोन ते काम आधीपासूनच करत होते. तिथे बुंध्याचा खड्डा भरा, माती नीट बसू द्या आणि गवत पेरा.