अंगावर पिणाऱ्या बाळाची शी: दिवस मोजत बसू नका, या चुका टाळा

माझी लेक सात आठवड्यांची होती आणि सहा दिवस तिने शीच केली नव्हती. त्याआधी महिनाभर हाल असे की दूध प्यायली की एक दुपटं खराब, दिवसाला सात-आठ ठरलेलीच, आणि मग एकदम सगळं बंद. आई म्हणे, "अगं पोट फुगेल तिचं, काहीतरी कर." शेजारच्या काकू तर एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ वाटीत घेऊनच आल्या. मी रात्री दोन वाजता अंधारात मोबाइलवर शोधतेय आणि बाळ आपलं मजेत पाय मारतंय, दूध पितंय, शू करतंय. आठव्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवरच कार्यक्रम झाला, पार मानेपर्यंत. पिवळीधम्मक, मऊ, खडा नावाला नाही. म्हणजे कब्ज नव्हताच कधी!

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, सगळ्या वयाला एकच नियम लावणं. बाळ किती दिवसांचं आहे हे न बघता "चार दिवस झाले शी नाही" या वाक्याला काही अर्थच नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत काळी-हिरवट, डांबरासारखी चिकट शी होते, पुसता पुसता नाकी नऊ येतात. ती 24 तासांत सुरू व्हायला हवी, नाही झाली तर हॉस्पिटलमध्येच सांगायचं, आणि 48 तास उलटले तर नीट तपासणी हवीच. चीक पाजला की ही काळी शी लवकर बाहेर पडते, त्यामुळे चीक पिळून टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट-तपकिरी होतो आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या चटणीसारखी पिवळी, मध्ये मध्ये दाणे असलेली. इथून पुढे महिनाभर दिवसाला निदान तीन-चार तरी शी व्हायला हव्यात, नुसता डाग नाही, दहाच्या नाण्याएवढी तरी. दर फीडनंतर एक झाली तरी चालतं, पोटात दूध गेलं की आतडं हलायला लागतं एवढंच त्यामागचं कारण.

या पहिल्या महिन्यात शी कमी झाली तर घरात लगेच "कब्ज झाला" म्हणतात आणि घुटी उगाळायला बसतात. थांबा. दहा-बारा दिवसांचं बाळ दोन दिवस शी करत नसेल तर आधी संशय दुधावर घ्यायचा, त्याला पुरेसं दूध मिळतंय का. शू बघा, पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा तरी भरपूर ओले लंगोट हवेत. वजन बघा, जन्मानंतर वजन थोडं उतरतं पण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला पाहिजे आणि पुढे रोज 20 ते 30 ग्रॅम वाढायला पाहिजे. हे होत नसेल तर गडबड बहुतेक लॅचमध्ये, म्हणजे बाळाच्या तोंडाच्या स्तनावरच्या पकडीत, असते आणि औषध शी काढायचं नाही, पाजायची पद्धत सुधारायचं लागतं. आणि ही गोष्ट आठवडाभर "बघू" म्हणत ढकलायची नाही, त्याच दिवशी वजन करून घ्या.

सहा आठवड्यांनंतर मात्र खेळ बदलतो. आईचं दूध जवळजवळ सगळं पचतं, चोथा उरतच नाही, मग बाळ पाच, सात, कधी दहा दिवसांनीसुद्धा शी करतं. मऊ असेल, बाळ पीत असेल, वजन चढत असेल, तर काही करायचं नाही. काहीच न करणं हे घरात आजी, काकू आणि मावशी असताना किती अवघड असतं ते मला विचारा.

देठ, साबणाची वात, थर्मामीटरचं टोक, यातलं काहीही बाळाच्या शीच्या जागी घालू नका. शी होते हो, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो, पण आतली नाजूक कातडी सोलवटते आणि बाळाला स्वतः जोर लावायची सवय लागत नाही. एरंडेल, ग्राइप वॉटर, पाणी, मध, सगळं नको. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवायचाच नाही, त्यातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. आणि मे महिन्यातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं.

कुंथण्यावरूनही गैरसमज फार. बाळ दहा-पंधरा मिनिटं लाल होतं, रडतं, पाय पोटाशी घेतं, आणि मग निघते काय तर मऊ शी. हा कब्ज नाही. पोटाने जोर लावताना खालचा भाग सैल सोडायचा असतो, ते गणित त्याला अजून जमलेलं नसतं. कब्ज म्हणजे शेळीच्या लेंडीसारखे कडक खडे, आणि निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळात ते क्वचितच दिसतात. वरचं दूध किंवा सहा महिन्यांनी नाचणीचं सत्त्व, केळं वगैरे सुरू झालं की शी घट्ट आणि वासाची होते, तो विषय वेगळा.

आता उलटी चूक. सुती दुपट्यावर मध्ये पिवळा ठिपका आणि भोवती पाण्याची मोठी कड दिसते, लगेच "जुलाब लागले, दूध बंद करा". अंगावरच्या दुधाची शी पातळच असते! जुलाब म्हणजे तुमच्या बाळाच्या नेहमीपेक्षा अचानक जास्त वेळा, नुसती पाण्यासारखी, घाण वासाची, सोबत ताप किंवा बाळ मलूल. अगदी खरे जुलाब असले तरी पाजणं थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. (ते पिवळे डाग कितीही घासले तरी जात नाहीत, धुऊन कडक उन्हात टाका, ऊनच काढतं.)

हिरवी शी झाली की बाळंतिणीच्या ताटातली मेथी बंद होते बिचारीची. अधूनमधून हिरवी होतेच, लोहाचं औषध चालू असलं तरी होते. बाळ खुशीत असेल तर सोडून द्या.

पण तीन रंग सोडायचे नाहीत. पांढरी, खडूसारखी किंवा राखाडी शी, त्यात दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आणि शू गडद, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पित्तनलिका बंद असू शकते आणि त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालेलं चांगलं. लाल, म्हणजे रक्त दिसलं तर दाखवायचंच. आणि सुरुवातीची काळी शी संपल्यावर परत काळी झाली तर तेही. कधी कधी आईच्या चिरलेल्या निपलचं रक्त पोटात गेलेलं असतं, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. याशिवाय पोट टणक फुगलंय, हिरवी उलटी होतेय, बाळ प्यायला मागत नाही, असं असेल तर वय न बघता, रात्र असली तरी निघायचं.

जाताना डायपर पिशवीत घालून न्या, नाहीतर दिवसाच्या उजेडात फोटो काढा, पिवळ्या दिव्याखाली रंग फसवा दिसतो. माझ्या गॅलरीत असे तीसेक फोटो होते, आणि लग्नाचे फोटो दाखवायला भावाच्या हातात मी तोच मोबाइल दिला.