चिकन स्टॉकमधला धोका उकळताना नव्हे, निवताना

घरी चिकन स्टॉक, म्हणजे कोंबडीची हाडे आणि भाज्या उकळून गाळलेले पाणी, करताना आपली बहुतेक काळजी उकळण्यावर खर्च होते. प्रत्यक्षात धोक्याचे तास गॅस बंद केल्यानंतर सुरू होतात. तीन-चार तास उकळलेल्या पाण्यात जंतू कसले राहणार, हा समज अर्धाच खरा आहे. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे कच्च्या कोंबडीतले नेहमीचे जंतू ७४ अंश सेल्सियसला मरतात, त्यामुळे उकळत्या स्टॉकमध्ये त्यांचा निभाव लागत नाही. मात्र क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सिरियस या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपे, उकळीलाही पुरून उरतात. स्टॉक निवू लागला की ते रुजतात आणि साधारण ६० ते ५ अंशांच्या पट्ट्यात वाढू लागतात. ४५ अंशांच्या आसपास तर परफ्रिंजेन्सची संख्या दहा-बारा मिनिटांतही दुप्पट होऊ शकते.

सुरुवातीची पथ्ये मोजकी आहेत. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, आणि जे धुऊन काढायचे ते उकळीत मरणारच असते. गोठवलेले मांस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून सुटू द्यावे. स्टॉकसाठी हाडे थोडी थोडी साठवायची असतील, तर ती फ्रीजमध्ये नव्हे, फ्रीझरमध्ये साठवावीत. कच्च्या मांसाला लागलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाज्या चिरायला घेऊ नयेत.

आता मुख्य काम. मीही बरीच वर्षे पातेले झाकून रात्रभर ओट्यावर ठेवत असे आणि सकाळी फ्रीजमध्ये सरकवत असे. एकदा सकाळी डाव तळापर्यंत घालून स्टॉक ढवळला, तेव्हा बाहेरून गार लागणाऱ्या त्या पाच लिटरच्या पातेल्याच्या पोटात अजून ऊब होती; वर थिजलेल्या चरबीच्या थराने आतली उष्णता धरून ठेवली होती. अमेरिकेच्या ‘फूड कोड’मध्ये उपाहारगृहांसाठी दिलेले प्रमाण घरीही पाळण्याजोगे आहे: शिजवलेला पदार्थ ५७ अंशांवरून दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांपर्यंत उतरला पाहिजे. पहिला टप्पा इतका घाईचा ठेवण्याचे कारण असे, की जिवाणूंची सर्वांत झपाट्याची वाढ त्याच तापमानांत होते.

त्यासाठी स्टॉक गरम असतानाच गाळून हाडे आणि भाज्या बाजूला काढाव्यात व तो उथळ भांड्यांत, चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त खोली होणार नाही अशा बेताने, वाटून घ्यावा. सिंकमध्ये बुच लावून बर्फाचे पाणी भरावे, भांडी त्यात ठेवावीत आणि बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या स्टॉकइतकी राहील असे पाहावे. दर काही मिनिटांनी ढवळत राहावे. न ढवळता ठेवलेला स्टॉक कडेला निवतो आणि मध्ये तसाच राहतो. बर्फ वितळला की पाणी बदलावे. मला सर्वांत सोयीची वाटलेली युक्ती वेगळी आहे: स्टॉक आटवून निम्मा करावा आणि गाळल्यावर पिण्याच्या पाण्याचा बर्फ थेट त्यात घालावा, म्हणजे निववायचा स्टॉक कमी राहतो आणि आटलेले पाणीही भरून निघते. उथळ भांड्यातला कोमट स्टॉक फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. मोठे गरम पातेले मात्र स्वतः लवकर निवत नाही आणि शेजारचे दूध-भाज्याही तापवते. पूर्ण गार होईपर्यंत झाकण किंचित कलते ठेवावे.

फ्रीजचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असेल, तर स्टॉक तीन-चार दिवस चांगला राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असल्यास तो उणे १८ अंशांवर गोठवावा. दोन-तीन महिने चवीतही फारसा फरक पडत नाही. गोठताना तो फुगतो, म्हणून डब्यात वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडावी आणि झाकणावर तारीख लिहावी. गरम स्टॉक बरणीत भरून, घट्ट झाकण लावून कपाटात ठेवण्याचा प्रयोग मात्र अजिबात करू नये. स्टॉकमध्ये आम्लता कमी असते आणि बंद बरणीत हवा नसते. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार करणाऱ्या जिवाणूला नेमके हेच हवे असते.

वापरताना लागेल तेवढाच स्टॉक काढून त्याला खळखळून उकळी आणावी. रात्रभर बाहेर राहिलेला स्टॉक पुन्हा उकळून चालेल का, असे अनेकजण विचारतात. चालणार नाही, कारण बॅसिलस सिरियसने तयार केलेले उलटीचे विष उकळीने नष्ट होत नाही आणि वासावरूनही त्याचा पत्ता लागत नाही. असा स्टॉक ओतून द्यावा. याउलट फ्रीजमधून काढलेला स्टॉक जेलीसारखा थलथलीत दिसला, तर घाबरून तो फेकू नये. हाडांतून उतरलेल्या जिलेटिनमुळे तो तसा होतो आणि आचेवर ठेवताच पुन्हा पातळ होतो.