सीमोर बेटावर अॅमोनाइट गोळा करताना

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला असलेल्या या बेटावर लोपेझ दे बेर्तोदानो शैलसमूहाचे थर सुमारे हजार मीटर जाडीचे आहेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाची सीमा त्यांच्या वरच्या भागात येते; अॅमोनाइट, म्हणजे शिंपला असलेले सागरी प्राणी, त्याच महाविनाशात नामशेष झाले. जीवाश्म कितीही देखणा असला, तरी तो कोणत्या पातळीवर सापडला याची नोंद नसेल तर इथे त्याचा उपयोग नाही.

परवान्याशिवाय एकही दगड उचलायचा नाही. भारतीय मोहिमांना २०२२चा अंटार्क्टिक कायदा लागू आहे.

आधी थर मोजा. ते आग्नेयेला साधारण १० अंशांनी कललेले आहेत, त्यामुळे त्या दिशेने जाल तसे थर नवे होत जातात. दीड मीटरच्या काठीला क्लिनोमीटर, म्हणजे कल मोजायचं उपकरण, बांधा. सपाट जमिनीवर कलाच्या दिशेने १०० मीटर चाललात की थरांची जाडी जेमतेम १७ मीटर ओलांडली जाते. कल मोजताना एका अंशाची चूक झाली, तर तेवढ्यात पावणेदोन मीटरचा फरक पडतो. सीमेजवळ एवढ्याने निष्कर्षच बदलतो.

उतारावर सुटा पडलेला नमुना बहुधा वरून घरंगळलेला असतो. तो घ्या, पण ‘सुटा’ असं लिहूनच. पातळी ठरवायला फक्त थरात रुतलेले नमुने धरा.

सकाळी माती गोठलेली असते, तेव्हा मोजणी उरका. दुपारी ती सैल झाली की खणा. दगडाच्या टणक गाठीतून माओरायटीस या अॅमोनाइटची कड डोकावत असेल तर हातोडा चालवू नका, अख्खी गाठ घ्या. डिप्लोमोसेरस हा अॅमोनाइट जेमक्लिपसारखा वळलेला असतो आणि मीटरभराहून लांब भरू शकतो. त्याचे तुकडे उचलण्याआधी फोटो काढा, प्रत्येकावर क्रमांक टाका.

शिंपल्याचा मोतिया थर हा खरा नाजूक भाग. भोवतालची माती झटकन वाळली की ती आकसते आणि थराचे पापुद्रे सुटतात. नमुना टिश्यूत गुंडाळून बंद पिशवीत ठेवा, तळावर सावकाश वाळू द्या. पॅरालॉइड बी-७२ या नमुना घट्ट करणाऱ्या राळेचं अॅसिटोनमधलं ५ टक्के द्रावण नमुना पूर्ण कोरडा झाल्यावरच लावा. ओल्यावर लावलं तर पांढुरकी साय धरते. नमुन्याभोवती लावलेलं प्लास्टर घट्ट होण्याआधीच त्यातलं पाणी गोठलं तर ते कवच भुसभुशीत होतं, म्हणून थर्मासमधलं कोमट पाणी वापरा. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा: एक पिशवीच्या आत, एक बाहेर.

सीमेजवळच्या हिरवट, ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाने युक्त वाळूच्या थरात इरिडियम हा दुर्मीळ धातू वाढलेला आढळतो; तीच सीमेची खूण. त्याच्या खालच्या प्रत्येक मीटरला सारखाच वेळ द्या. तसं केलं नाही, तर दुर्मीळ अॅमोनाइट प्रत्यक्षापेक्षा आधीच संपल्यासारखे दिसतात. तासभर शोधूनही काही मिळालं नाही, तर वहीत त्या मीटरपुढे ‘शून्य, एक तास’ असं लिहा.