परसबागेतील किडींसाठी निंबोळी अर्क : तयार करण्याची आणि फवारण्याची रीत

जास्वंदीच्या शेंड्याची पाने आखडली, कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळू लागल्या आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली, की हाताला येईल ते पान उलटून पाहावे. देठाच्या बेचक्यात कापसाचा पुंजका चिकटवल्यासारखे जे पांढरे दिसते, तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. मुंग्या झाड खायला आलेल्या नसतात. ढेकूण झाडाचा रस शोषून जो गोड, चिकट स्राव बाहेर टाकतो त्यासाठी त्या येतात आणि त्या बदल्यात ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात. त्यामुळे फवारणीआधी मुंग्यांची वाट अडवणे गरजेचे असते. पूर्वी दूधदुभत्याच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवत असत. कुंडीच्या तिवईलाही तीच युक्ती लागू पडते.

दाट पुंजके आधी हातानेच काढावेत. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून बेचक्यातून फिरवावा आणि फार माखलेला शेंडा सरळ छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावा, कारण तो कचऱ्यात टाकला तर पिले शेजारच्या कुंडीत पोहोचतात. ढेकणाच्या अंगावरील मेणचट थरावरून नुसते पाणी ओघळून जाते आणि साबण नसलेला कोणताही अर्क तसाच वाया जातो.

घरगुती उपायांमध्ये माझा भरवसा सर्वांत जास्त आहे तो निंबोळी अर्कावर. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली निंबोळीच्या बियांमधील गराचे पातळ द्रावण पिकांवर फवारले, तेव्हा टोळांनी ती पिके खाल्ली नाहीत. हे काम करणाऱ्या घटकांपैकी प्रमुख असलेले ॲझाडिरॅक्टिन १९६८ साली वेगळे करण्यात आले. ते बियांच्या गरात भरपूर, तर पानांत फारच कमी असते. म्हणूनच कडुनिंबाचा पाला उकळून केलेला काढा बहुतेक वेळा निराशा करतो.

पिकलेल्या निंबोळ्या जून-जुलैमध्ये झाडाखाली पडतात. त्या वेचून बीवरचा फळाचा गर चोळून काढावा, बिया धुऊन सावलीत खडखडीत वाळवाव्यात आणि कापडी पिशवीत ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी लागते. वर्षापेक्षा जुन्या बिया वापरू नयेत. शेतीसाठी ५ टक्के अर्काची शिफारस असते, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर. कुंड्यांसाठी हेच प्रमाण १ लिटरला ५० ग्रॅम होते. बिया खलबत्त्यात जाडसर कुटून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी पाणी दुधाळ दिसेपर्यंत चोळाव्यात आणि दुहेरी फडक्यातून पिळून गाळाव्यात. त्यात कोमट पाण्यात विरघळवलेला २ ग्रॅम साधा साबण घालून पाणी एक लिटरपर्यंत भरावे. फडके जाड असू द्यावे, नाहीतर फवारणीच्या पंपाचे तोंड चोंदते आणि निम्मा वेळ ते टाचणीने मोकळे करण्यातच जातो. बिया मिळाल्या नाहीत तर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि तेवढाच साबण चालतो. साबणाशिवाय तेल वर तरंगते आणि ते जिथे साचते तिथले पान करपते.

अर्क त्याच दिवशी संध्याकाळी वापरून संपवावा, कारण ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निष्प्रभ होते. मी एकदा घाईने भर दुपारी फवारणी केली होती आणि दोन दिवसांत मिरचीच्या पानांवर तपकिरी डाग पडले. तेव्हापासून आधी दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस थांबण्याची सवय मी लावून घेतली. फवारा पानांच्या खालच्या बाजूस बसला पाहिजे, कारण कीड तिथेच असते. दुसऱ्या दिवशी कीड मेलेली दिसली नाही म्हणून मात्रा वाढवू नये. निंबोळी किडीची भूक मारते आणि तिला कात टाकू देत नाही, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस लागतात. अंड्यांवर तिचा फारसा प्रभाव पडत नसल्याने सात-आठ दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा फवारावे. भाजी असेल तर तीन-चार दिवस तोडू नये आणि नंतर धुऊन घ्यावी, नाहीतर पालक कडू लागतो.

मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही पुष्कळसा झडून जातो. तो वरचेवर येत असेल तर खत कमी करून पाहावे, कारण नत्राने माजलेली कोवळी पालवी त्याला फार आवडते. उन्हाळ्यात पानांखाली बारीक जाळी करणाऱ्या लाल कोळ्यांवरही रोज पाने धुणे हाच पहिला इलाज आहे. पावसाळ्यात गोगलगायी आल्या तर गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्यात अंथरावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलून बादलीतील मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मातीत मात्र पडू देऊ नये. तंबाखूचा काढा पुष्कळ जण सुचवतात, पण मी तो वापरत नाही. निकोटिन माणसालाही विषारी आहे आणि तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो.

फवारणीच्या दिवशी पुंजक्यांकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे. त्यांच्यात पिठ्या ढेकणासारखीच, पण आकाराने मोठी, लांब पांढऱ्या झुलपांची आणि भरभर चालणारी अळी दिसली, तर ती क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची असू शकते. ऑस्ट्रेलियातील हा भुंगेरा १८९८ साली भारतात आणला गेला. तो आणि त्याची अळी, दोघेही ढेकूण खातात. अशी अळी दिसली तर ती फांदी पुसू नये, मुंग्यांची वाट तेवढी बंद ठेवावी आणि त्या आठवड्याची फवारणी रद्द करावी.