हार्डवेअरमध्ये लोचा आहे हे तुम्हाला सांगणार कोण?

पीसी सारखा क्रॅश होतोय, रॅम बदलून झाली, विंडोज तीनदा टाकून झालं आणि मग कळतं की गडबड त्या प्रोसेसरच्या अख्ख्या सिरीजमध्येच होती. इंटेलच्या 13व्या-14व्या जनरेशनच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरचं असंच झालं. जास्त व्होल्टेज जाऊन चिप आतून झिजत होती, 2024 मध्ये कंपनीने मायक्रोकोडचा (चिपच्या आतल्या सूचनांचा) अपडेट काढला, बॉक्सवाल्या (कंपनीच्या सीलबंद डब्यातून येणाऱ्या) प्रोसेसरची वॉरंटी 3 वर्षांवरून 5 केली, सगळं जाहीरपणे. पण तो अपडेट मदरबोर्डवाल्याच्या बायोसमधून (पीसी सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) येणार, टाकायचा तुम्ही, आणि आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. सुटे भाग जोडून घेतलेल्या असेंबल पीसीवाल्यांना हे सांगायला फोन कोण करणार? कंपनीकडे तुमचा नंबर नाही, दुकानदाराकडे आहे पण तो विकून मोकळा.

कायद्यात बघाल तर सदोष मालासाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 मध्ये उत्पादकाची जबाबदारी येते, 86 मध्ये विक्रेत्याची. कंपनीने दिलेल्या धोक्याच्या सूचना विक्रेत्याने पुढे दिल्या नाहीत आणि त्यामुळे नुकसान झालं तर तोही अडकतो, पण तिथे शब्द आहे 'विकताना'. दीड वर्षाने निघालेल्या दोषाचं काय, तिथेच तर सगळी गोची आहे.

म्हणून आपणच आपली सोय करायची. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहायला लावा, दुकानदार कटकट करेल, करू दे (माझ्याकडे एका एसएसडीचं, म्हणजे डेटा साठवायच्या ड्राइव्हचं, कच्चं बिल होतं, ते वॉरंटीला कुणी हातातसुद्धा घेतलं नाही). प्रोसेसर बॉक्स आहे की ट्रे (डब्याशिवाय सुटा) ते विचारा, कारण ट्रेची वॉरंटी विकणाऱ्याकडेच मागावी लागते. मग कंपनीच्या साईटवर स्वतःच्या ईमेलने रजिस्टर करा, दुकानदाराच्या नको, म्हणजे रिकॉलचा (सदोष माल परत मागवल्याचा) मेल तुम्हाला येईल. बायोस व्हर्जन विंडोजच्याच एमएसइन्फो32 मध्ये दिसतं, एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये. सहा महिन्यांतून एकदा ते सपोर्ट पेजशी ताडून बघा.

सेकंडहँड घेत असाल तर हे ताडून बघणं आधी करा. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीच्या काही एसएसडी 32,768 तास चालल्या की डेटासकट मरायच्या, म्हणजे साधारण पावणेचार वर्षांनी. ड्राइव्ह बनवणाऱ्याने एचपीईला कळवलं, एचपीईने नोव्हेंबर 2019 मध्ये ग्राहकांना सांगून फर्मवेअर दिलं, साखळी नीट चालली, पण भंगारातून सर्व्हर उचललेला माणूस त्या साखळीत नव्हताच ना.

प्रॉब्लेम आलाच तर फोनवर भांडू नका, सिरीयल नंबर टाकून मेल करा. दाद नाही मिळाली तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन, नंतर ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ग्राहक आयोगाकडे तक्रार, 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत 2 वर्षं. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर मात्र मेलबिल नंतर, आधी चार्जर काढा.